तिसऱ्या घंटेच्या आधी

‘पुण्यात नाटक, गाणं, नाच समोर बसून अनुभवायचा तर कुठे जायचं, कधी जायचं आणि कुठे बसायचं?’ या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं नेपथ्य, ध्वनी आणि संगीतसाथ या कामांत मुरलेल्या मंडळींनी मिळून दिली आहेत.

नोकरीसाठी लातूरहून आलो, वाकडला राहतो. नाटकाची हौस आहे. पण बालगंधर्व, भरत, यशवंतराव अशी इतकी नावं ऐकतो की कुठे काय चालतं तेच उमगत नाही. – एक वाचक, वाकड

पुण्यात नाट्यगृहाचं नाव कळलं की आत काय असेल याचा निम्मा अंदाज येतो. जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर (१९६८ साली उघडलं) आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह ही व्यावसायिक नाटकांची घरं. शनिवार-रविवारी दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा वेळांना प्रयोग लागतात. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात नाटकांबरोबर गाण्याचे कार्यक्रम आणि व्याख्यानं. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर हौशी रंगभूमीचं, स्पर्धांचं आणि संगीत नाटकांचं. या संस्थेची मुळं १८९४ पर्यंत जातात. पद्मावतीच्या अण्णाभाऊ साठे सभागृहात लावणी आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम जास्त. स्वारगेटजवळचा गणेश कला क्रीडा मंच मोठ्या समारंभांसाठी ठीक आहे; पण नाटकात नटाचा चेहरा वाचावा लागतो आणि तो एवढ्या मोठ्या सभागृहात मागून दिसत नाही.

तुम्ही वाकडला राहता, मग दर वेळी पुण्यात यायची गरजच नाही. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, निगडी-प्राधिकरणातलं ग. दि. माडगूळकर नाट्यगृह आणि पिंपरीत संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर तुम्हाला जवळ पडेल. मुंबईचं नाटक नेपथ्याचा ट्रक घेऊन घाट चढलं की एकाच प्रयोगासाठी येत नाही, तो खर्च परवडत नाही. म्हणून शनिवारी चिंचवड आणि रविवारी कोथरूड, बालगंधर्व अशी जोडणी असते. जाहिरातीत एक प्रयोग दिसला की त्याच्या खालची ओळही वाचा.

तिकीट ‘बुकमायशो’ किंवा ‘तिकिटालय’वर मिळतं, किंवा थेट नाट्यगृहाच्या खिडकीवर. खिडकी साधारण सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद. मध्यान्हीच्या उन्हात हेलपाटा मारू नका. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात पुण्यात अजूनही विश्वासाची, कारण खिडकीवर प्लॅन (खुर्च्यांचा नकाशा, म्हणजे तिकीटविक्री) कधी लागणार ते त्यातच छापलेलं असतं. व्यावसायिक नाटकाचं तिकीट साधारण ३०० ते ५०० रुपयांच्या दरम्यान. पाचशेला दर अडतो त्याचं एक कारण करात आहे: नाटक, नृत्य, संगीताच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, वर गेलं की लागतो.

निघण्यापूर्वी एक फोन नाट्यगृहाला करा. नटाची तब्येत, एखादा सरकारी समारंभ, दुरुस्ती, अशा कारणांनी प्रयोग ऐनवेळी रद्द होतात. ऑनलाइन तिकीट असेल तर निरोप येतो. खिडकीवरून काढलेल्यांना बोर्ड बघूनच कळतं. पैसे परत घ्यायला मूळ तिकीट लागतं, म्हणून ते खिशात चुरगाळू नका.

प्लॅनमधल्या पुढच्या दोन रांगा सगळ्यात महाग. त्या खरंच सगळ्यात चांगल्या का? – एक वाचक, सहकारनगर

नाही. नेहमी तर नाहीच. रंगमंच जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फूट उंच असतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे पावणेचार फुटांवर. म्हणजे पहिल्या रांगेत तुमची नजर रंगमंचाच्या फळीला जेमतेम घासून जाते. नट पुढे आला तर मान वर, मागे गेला तर कमरेखालचा भाग पुढच्या टेबलामागे गडप. शिवाय दोन नट दोन टोकांना उभे राहून बोलत असले की टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरवावी लागते.

बोलक्या, कौटुंबिक नाटकाला पाचवी ते दहावी रांग, मधल्या वाटेच्या जवळ. इथे चेहराही दिसतो आणि संपूर्ण चौकटही. कडेच्या खुर्च्या घ्यायची वेळ आलीच तर नेपथ्याचा विचार करा. दिवाणखान्याच्या नाटकात एका बाजूला दार किंवा जिना असतो. त्याच बाजूच्या टोकाला बसलात तर भिंतीची कड आड येते आणि प्रवेश दिसायच्या ऐवजी फक्त ऐकू येतो. समोरच्या टोकाला बसलेल्याला तोच प्रवेश पुरा दिसतो. नाटकाचे फोटो जाहिरातीत असतात, त्यात दार कुठल्या बाजूला आहे ते बघून खुर्ची निवडता येते.

बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा मात्र टाळा. वरचं छत खाली आलेलं असल्याने सभागृहाच्या उंचीतून परतून येणारा आवाज तिथे पोचत नाही. शब्द ऐकू येतात, पण ओलावा जातो, कोरडे आणि लांबून आल्यासारखे वाटतात. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग कितीतरी चांगली, आणि तिकीट स्वस्त. चेहरे लहान दिसतील, आवाज मोकळा येईल.

लेक कथक शिकते. तिला मोठ्या कलाकारांचं नृत्य दाखवायचं आहे. नृत्याला कुठे बसायचं? आणि पुण्यात हे कार्यक्रम कळतात कसे? – एक वाचक, बिबवेवाडी

नृत्याचा हिशेब नाटकाहून वेगळा. कथकमध्ये पाय दिसायलाच हवेत आणि पहिल्या रांगेतून नेमके पायच सपाट दिसतात. पाऊल टाचेवर पडलं की पंजावर, ते कळत नाही. सहाव्या-सातव्या रांगेपासून मागे जमीन चढत जाते, तिथून रंगमंचाची फळी दिसू लागते. समूहनृत्य असेल तर बाल्कनीची पहिली रांग. दहा मुलींनी वर्तुळ धरलं, मोडलं, तिरक्या दोन रांगा केल्या हे वरूनच समजतं. खालून ती फक्त गर्दी दिसते.

एकल कथकमध्ये साथीदार रंगमंचाच्या एका कडेला बसतात, बहुतेकदा प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. तुम्ही उजव्या अंगाला बसा. तबलजीचा चेहरा तुमच्याकडे होतो आणि नर्तिका पढंत करून (नाचाचे बोल तोंडाने म्हणून) त्याच्याकडे वळते ती नजरानजर सापडते. लेकीला सांगा, त्या वेळी पायांकडे बघू नकोस, पेटीवरच्या किंवा सारंगीवरच्या लेहऱ्याकडे कान दे. लेहरा म्हणजे तीच ती ओळ सोळा मात्रांत पुन्हा पुन्हा फिरत असते. तिची सुरुवात म्हणजे सम. नर्तिका लयीत कितीही लांब भटकली तरी तिहाईच्या (तीनदा घेतलेल्या एकाच तुकड्याच्या) शेवटच्या ‘धा’ला लेहऱ्याच्या त्याच सुरावर परत येते. दोन-तीनदा हे सापडलं की मुलं खुर्चीत पुढे सरकून बसतात.

जमलं तर बैठकीतलं, जमिनीवर बसून बघायचं नृत्य दाखवा. दोन्ही पायांत मिळून दोनशे-तीनशे घुंगरू बांधलेले असताना कलाकार एकच घुंगरू वाजवून दाखवतात; ते मोठ्या सभागृहात मायक्रोफोनमधून ऐकण्यात काही राम नाही. आठ-दहा फुटांवरून ऐकलेला तो एक आवाज मूल विसरत नाही.

पुणं कथकचं मोठं गाव आहे. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हापासूनची शिष्यपरंपरा इथे वाहते. भरतनाट्यमसाठी सुचेता चापेकरांची ‘कलावर्धिनी’. या आणि इतर संस्थांचे गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम आषाढात, साधारण जुलैत होतात, आणि अरंगेत्रम (शिष्याचं पहिलं जाहीर एकल सादरीकरण) वर्षभर. यातल्या बहुतेकांना तिकीट नसतं. निमंत्रणाची वाट बघू नका. वर्तमानपत्राच्या ‘आज पुण्यात’ छापाच्या सदरात वेळ-जागा येते, तिथे जाऊन मागच्या दाराने गुपचूप बसलात तरी कोणी हटकत नाही. मुलीच्या गुरूंना मात्र आधी विचारा. कुठलं नृत्य आत्ता बघावं आणि कुठलं दोन वर्षांनी, हे त्या अचूक सांगतील.

सवाई गंधर्वला पहिल्यांदाच जाणार आहे. गाण्यातलं फार कळत नाही. काय तयारी करू? – एक वाचक, वारजे

कळत नाही म्हणून घाबरू नका. मांडवात हजारो जण असतात आणि सगळे पंडित नसतात.

पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा महोत्सव घडवला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं आणि आता त्याचं नाव ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ आहे. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्र-रात्र चालायचा. आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर डिसेंबरात होतो. दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देतं, त्यातला दिवस मिळाला तर त्या दिवशी उशिरापर्यंत चालतं.

या वेळेचा ऐकण्यावर थेट परिणाम होतो. दुपारी मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती. दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री. रात्री यमन, बागेश्री, मालकंस, एवढाच पट्टा मिळतो. रात्र चढल्यावरचा दरबारी आणि पहाटेचा ललत ऐकायचा तर महोत्सवाच्या बाहेर, त्या-त्या वेळच्या छोट्या मैफलींकडे जावं लागतं. म्हणून आमचा आग्रह असा की संध्याकाळी मोठ्या नावासाठी जाऊ नका, दुपारी तीन-चारलाच जा. मांडव अर्धा रिकामा असतो, तरुण कलाकार जीव ओतून गात असतो, आणि मुलतानी ऐकता ऐकता बाहेरचं ऊन उतरत जातं. तो राग त्याच उजेडासाठी आहे.

बसायला दोन व्यवस्था: भारतीय बैठक आणि खुर्ची. बैठकीचं तिकीट बरंच स्वस्त. पाठ चांगली असेल तर बैठकच घ्या, पण जाड सतरंजी किंवा चटई, टेकायला छोटी उशी, शाल आणि कानटोपी न्या. पुण्यात डिसेंबरात सूर्य मावळला की तासाभरात गारठा जमिनीतून वर येतो, पारा दहा-बारापर्यंत उतरतो. मैदानाची धूळ बाधत असेल तर रुमाल. तीन किंवा जास्त दिवस जाणार असाल तर सीझन तिकीट परवडतं, एखाद-दुसऱ्या दिवसाला रोजचं. गाडी आणू नका. स्वारगेटपर्यंत मेट्रोने या, पुढे रिक्षा.

आवाजासाठी जागा: मांडवाच्या मध्यावर ध्वनिसंयोजकाचा चौथरा असतो, त्यावर आवाज मिसळायचा मोठा मिक्सर. तिथे बसलेला माणूस आपल्या कानांना जे बरोबर वाटेल तसाच आवाज लावतो. त्याच्या आसपास बसलात तर तुम्ही तेच ऐकता. अगदी पुढे, भोंग्यांच्या तोंडाशी बसलात तर तबला अंगावर येतो आणि तानपुरा बुडतो.

दोन कलाकारांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं ‘लावालाव’ चालते. नवखे श्रोते त्या वेळी बटाटेवड्याकडे धावतात. आम्ही सांगू, एकदा तरी बसून राहा. संध्याकाळी हवा गार झाली की तानपुऱ्याच्या धातूच्या तारा आखडतात आणि सूर चढतो. तबल्याची पुडी चामड्याची. हवेत दव उतरलं की ती सैल पडते आणि सूर उतरतो. दोघं एकमेकांपासून लांब पळत असतात. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून पुडी वर आणतो, गायक मणी सरकवून तार खाली आणतो आणि एका क्षणी ते मिळतात. मिळतात तेव्हा कळतं, कारण मांडवात एकदम शांतता पडते. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमात असते. गायकाने ती मध्यमात लावली तर पुढे पंचम नसलेला राग येतोय, बहुधा मालकंस. रागाचं नाव जाहीर व्हायच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं. त्याचा आनंद काही वेगळाच.

आणि मोठा ख्याल (संथ लयीतली बंदिश) सुरू झाला की पहिली दहा मिनिटं ‘काही घडत नाही’ असं वाटेल. विलंबित एकताल बारा मात्रांचा. किराणा घराण्यासारख्या संथ गायकीत एक आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ मिनिट लागतं. बोटांवर मात्रा मोजू नका. बंदिशीचा मुखडा, म्हणजे गायक पुन्हा पुन्हा जिथे परततो ते चार शब्द, तेवढे ओळखा. ते आले की सम आली. बाकीचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप उलगडतं.

सवाईखेरीज जानेवारीत डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ ‘वसंतोत्सव’ आणि व्हायोलिन अकादमीचा ‘स्वरझंकार’ असतो. दिवाळीत तर पहाटेच्या मैफलींचा पूर येतो, सारसबागेपासून गल्लीतल्या मंडळापर्यंत. बऱ्याच ठिकाणी प्रवेश मोफत किंवा सन्मानिकेवर असतो आणि त्या सन्मानिका चार-पाच दिवस आधीच संपतात.

विद्यार्थी आहे. महिन्याला दोन-तीनशे रुपयेच काढू शकतो. – एक वाचक, नवी पेठ

तुमच्याइतकी चांगली सोय पुण्यात कुणाचीच नाही. पुरुषोत्तम करंडक: महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून घेत असलेली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. प्राथमिक फेरी पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात, रोज संध्याकाळी ओळीने तीन एकांकिका. एका संध्याकाळी तीन दिग्दर्शक, तीन लेखक, तीन प्रकारची नेपथ्यं, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये घड्याळ लावून उभं केलेलं नेपथ्य. आरोळ्यांनी नाट्यगृह दणाणतं, पण पडदा सरकला की चिडीचूप. ही शिस्त इथल्या प्रेक्षकांनी साठ वर्षं राखली आहे, तीही बघण्यासारखी. अंतिम फेरीची तिकिटं मिळवायला रांग लागते, प्राथमिकला सहसा मिळतात. फेब्रुवारीच्या आसपास फिरोदिया करंडक. त्यात एकाच सादरीकरणात गाणं, वाद्य, चित्र, शिल्प, जादू सगळं गुंफावं लागतं.

हिवाळ्यात राज्य हौशी नाट्यस्पर्धेचं पुणे केंद्र, नाममात्र तिकीट. दर्जा वरखाली असतो हे मान्य. पण व्यावसायिक निर्माता हात लावणार नाही अशा संहिता तिथेच दिसतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राच्या सूचनाफलकावरही डोळा ठेवा. तिथले नाट्य, नृत्य, संगीताचे विद्यार्थी वर्षभर सादरीकरणं करतात, काही उघड्यावरच्या अंगणमंचावर. आणि २६ जूनला बालगंधर्व रंगमंदिराचा वर्धापनदिन. त्या सुमारास होणारे कार्यक्रम बहुतेक विनामूल्य असतात.

प्रायोगिक नाटक बघायला गेलो आणि दोन मिनिटं उशीर झाला म्हणून आत सोडलं नाही. तिकीट काढलं होतं! हा कुठला न्याय? – एक वाचक, सिंहगड रस्ता

तुमचा राग समजतो, पण दार बंद करणाऱ्याची बाजूही समजून घ्या. मोठ्या नाट्यगृहात उशिरा आलेला माणूस मागच्या अंधारात शिरतो, टॉर्च दाखवणारा असतो, रंगमंच पन्नास फुटांवर. शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या जागेत दार बहुधा नटांच्या अंगावरच उघडतं. बाहेरचा उजेड थेट रंगअवकाशात पडतो आणि ज्या अंधारासाठी प्रकाशयोजनाकाराने दिवसभर शिडीवर काढला तो एका क्षणात विरतो. बरीच नाटकं सव्वा ते दीड तासाची, मध्यंतर नसलेली. म्हणजे नंतर आत सोडायला फटच नाही. प्रयोगाच्या वीस मिनिटं आधी पोचा, लघवीला जाऊन या, फोन शांत नव्हे, बंद करा. थरथरणारा फोन लाकडी पायरीवर ठेवला तर नटापर्यंत ऐकू जातो. पैंजण, प्लॅस्टिकची पिशवी, किल्ल्यांचा जुडगा, हेही तसंच.

अनेक वर्षं शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने ही रंगभूमी जोपासली. आता हिराबागेतल्या ज्योत्स्ना भोळे सभागृहात आणि तिथल्याच ‘श्रीराम लागू रंग-अवकाश’मध्ये बरंच घडतं, दोन्ही महाराष्ट्र कल्चरल सेंटरची. एरंडवण्यात ‘द बॉक्स’ आहे. ‘आसक्त’, ‘नाटक कंपनी’ अशा गटांचे प्रयोग शक्यतो चुकवू नका. मार्चच्या आसपासच्या विनोद दोशी नाट्यमहोत्सवात बाहेरच्या भाषांतली, बाहेरच्या गावांची नाटकं पुण्यात बसून मिळतात. खुर्च्यांना क्रमांक नसतील तर दुसरी-तिसरी पायरी धरा: पहिलीवर पाय नटांच्या वाटेत येतात, शेवटच्या पायरीवर डोक्यावरचे दिवे तापतात.

प्रयोगानंतर चर्चा असेल तर थांबा. आवडलं नाही तरी थांबा, आणि का आवडलं नाही ते बोला. गटांना तेच हवं असतं.

गुडघे दुखतात, रात्री उशिरा घरी जाणं जमत नाही. तरुणपणी संगीत नाटकं खूप पाहिली. आता काय पर्याय आहे? – एक आजी, पौड रस्ता

आजी, संगीत नाटक संपलेलं नाही, आणि ते पुण्यात संपावं तरी कसं? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो याच गावात, आनंदोद्भव नाट्यगृहात. भरत नाट्य मंदिर आजही जुनी संगीत नाटकं नव्या मुलांना घेऊन उभी करतं. पाच अंकी संहिता आता तीन तासांच्या आत बसवतात, पदं निवडून घेतात. तुमच्या आवडीचं एखादं पद गळलेलं असेल त्याची तयारी ठेवा. खुर्ची ऑर्गनच्या बाजूला, चौथ्या-पाचव्या रांगेत घ्या. भात्याचा श्वास आणि गाणाऱ्याचा श्वास एकत्र ऐकू येतो, तो सुख देतो.

दुपारचा किंवा संध्याकाळचा प्रयोगच निवडा. रात्री साडेनऊचं नाटक बारा-सव्वाबाराला सुटतं. मेट्रोची शेवटची गाडी अकराच्या सुमारास, बसही विरळ. बालगंधर्वला जायचं तर वनाज–रामवाडी मार्गिकेवरचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक जवळ आणि सरकता जिना, लिफ्ट आहे. बाल्कनीचं तिकीट कुणी घेऊन दिलं तरी नको म्हणा, जिने चढावे लागतात. खालच्या मजल्यावर वाटेकडेची खुर्ची, म्हणजे पाय लांब करता येतो. तिसऱ्या घंटेची वाट बघू नका, पहिल्या घंटेलाच आत जाऊन बसा. नंतरच्या गर्दीत पायऱ्या दिसत नाहीत.

कीर्तनाची आवड असेल तर सदाशिव पेठेतलं नारद मंदिर. हरिकीर्तनोत्तेजक सभेची ही वास्तू. नारदीय कीर्तन नीट पद्धतीने, पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असं, इथे ऐकायला मिळतं. पैसे नाहीत, गर्दी नाही, वेळेवर घरी. आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा, भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माउली आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबा, वारकरी कीर्तन ऐकायला कुणाला तरी घेऊन सकाळच्या वेळी जा. नारदीय कीर्तनात एक कीर्तनकार सगळं पेलतो. वारकरी कीर्तनात मागे उभे टाळकरी आणि पखवाज त्याला उचलून धरतात. चाल चढली की जमिनीतून कंप जाणवतो.

अस्सल तमाशा पुण्यात कुठे बघता येईल? – एक वाचक, हडपसर

नाट्यगृहातला ‘लावणी महोत्सव’ म्हणजे तमाशा नव्हे. तिथे बहुतेक ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच असतो. ज्यात ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज रंगमंचावर आहेत, अशीच जाहिरात निवडा. पुढे दोन वाटा आहेत. संगीतबारी: गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायांची पार्टी, पेटी, तबला, ढोलकी, आणि समोर बसून अदाकारी. सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला अशी कला केंद्रं आहेत. जुनी बैठकीची लावणी ऐकायची असेल तर तशी फर्माईश स्पष्ट करा, नाहीतर सिनेमातली गाणी समोर येतील. पैसे उधळणं ही सक्ती नाही. ठरलेली बिदागी विनयाने द्या.

दुसरी वाट ढोलकी फडाची, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तमाशा मंडळीची. नारायणगाव, पुण्याहून नाशिक रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटर, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी फड ठरवायला, सुपारी द्यायला येतात. कुठल्या गावच्या यात्रेत कुठला फड उभा राहणार ते तिथे एका फेरीत कळतं. यात्रेतला खेळ बघायला जेवून, सतरंजी घेऊन जा. दहाच्या आत पुढची जागा धरा. क्रम असा: गण, गौळण, मग बतावणी, मग रंगबाजी (लावण्या) आणि शेवटी वग, म्हणजे तमाशातलं नाटक. शहरातले लोक लावण्या संपल्या की उठतात. वग सोडू नका. सोंगाड्या हजरजबाबीपणे त्या गावची, त्या दिवशीची गोष्ट वगात घालतो ती कुठल्याही ध्वनिफितीत सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात हजेरीचा कार्यक्रम असतो, दिवसाउजेडी, कमी गर्दीत. बायका-मुलांना घेऊन जायचं तर तो बरा.

पाच वर्षांच्या मुलाला पहिलं नाटक कुठलं दाखवू? – एक वाचक, औंध

मोठ्यांच्या नाटकाला मुळीच नेऊ नका. एप्रिल-मेच्या सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग भरपूर लागतात, औंधच्या भीमसेन जोशी कलामंदिरातही डोकावा. राक्षस-परीपेक्षा मुलांच्या रोजच्या जगातलं नाटक हवं असेल तर ‘ग्रिप्स’ पद्धतीची नाटकं शोधा; बर्लिनची ही चळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात रुजवली. त्यात मुलांची कामं मोठे नट करतात आणि गाणी समोर वाजवली जातात.

दीड तासाच्या आतला प्रयोग, वाटेकडेची खुर्ची, तिसरी-चौथी रांग. घरून निघताना एवढंच सांगा की मधे एकदम काळोख होईल आणि मग उजेड येईल. बहुतेक मुलं त्या पहिल्या काळोखालाच रडतात, नाटकाला नाही.